सहीवाचून राहिलेले कायदे

1776 च्या जुलै महिन्यात फिलाडेल्फियाच्या सभागृहात अमेरिकन वसाहतींच्या प्रतिनिधींनी स्वातंत्र्याचा जो जाहीरनामा संमत केला, त्यात इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याच्याविरुद्धच्या गाऱ्हाण्यांची लांबलचक जंत्री आहे, आणि त्या जंत्रीचा आरंभच कायद्यांना नाकारलेल्या संमतीपासून होतो. लोकहितासाठी अत्यंत आवश्यक अशा कायद्यांना राजाने मंजुरी दिली नाही, हे पहिले गाऱ्हाणे. आणि तातडीचे कायदे आपली संमती येईपर्यंत अमलात आणू नयेत असे गव्हर्नरांना बजावून, ते तसे अडकून पडल्यावर राजाने त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिले नाही, हे दुसरे. ही दोन गाऱ्हाणी निरनिराळी मांडण्यात जाहीरनाम्याच्या कर्त्यांनी मोठी जाण दाखविली आहे. स्पष्ट नकार मिळाला तर प्रजेला निदान वाद घालता येतो, मसुदा दुरुस्त करून पुन्हा पाठविता येतो. पण ज्या कागदावर ‘होय’ही नाही आणि ‘नाही’ही नाही, असा कागद लंडनच्या कुठल्याशा दफ्तरात पडून राहिला, की समुद्रापलीकडच्या त्या प्रजेने जाब विचारायचा तरी कोणाला?

खुद्द इंग्लंडात हा प्रश्न तोवर मिटला होता. 1708 साली राणी ॲन हिने स्कॉटलंडच्या नागरी सैन्यासंबंधीच्या एका विधेयकाला संमती नाकारली. त्यानंतर आजतागायत तेथील कोणत्याही राजाने वा राणीने पार्लमेंटने संमत केलेल्या विधेयकाला संमती नाकारलेली नाही. वसाहतींचे नशीब वेगळे होते. त्यांच्या विधिमंडळांनी केलेले कायदे गव्हर्नरच्या हातून आणि पुढे राजाच्या सल्लागार मंडळाच्या हातून जावे लागत, आणि त्या प्रवासात महिने, कधी वर्षे लोटत. ज्या पिढीने हा जाच सोसला, त्याच पिढीने 1787 साली, त्याच फिलाडेल्फियात आणि त्याच इमारतीत बसून नवी राज्यघटना लिहिली. आणि त्या घटनेत राष्ट्राध्यक्षाने केवळ सही न केल्यामुळे विधेयक मरावे, अशी एक वाट ठेवली. अमेरिकेत या वाटेला पुढे ‘पॉकेट व्हेटो’, म्हणजे खिशातला नकाराधिकार, असे नाव पडले. हे कसे घडले, ते समजून घेण्याजोगे आहे.

घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या सातव्या कलमात तरतूद अशी आहे: काँग्रेसच्या, म्हणजे तेथील विधिमंडळाच्या, दोन्ही सभागृहांनी संमत केलेले विधेयक राष्ट्राध्यक्षापुढे ठेवावे; त्याला ते पसंत असेल तर त्याने सही करावी, नसेल तर आक्षेप लिहून ते ज्या सभागृहात जन्मले तेथे परत पाठवावे; परत आलेले विधेयक दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी पुन्हा संमत केले, तर सहीवाचूनही तो कायदा होतो. राष्ट्राध्यक्षाने यांपैकी काहीच केले नाही, तर रविवार वगळून दहा दिवसांनी ते विधेयक आपोआप कायदा होते. म्हणजे तिसऱ्या जॉर्जच्या मौनाला येथे औषध सापडले होते. मुदत घालून दिली होती, आणि ती उलटताच मौन म्हणजे संमती, असे ठरवून टाकले होते. परंतु त्याच वाक्याच्या शेपटीला एक अपवाद जोडला गेला: काँग्रेसने आपले कामकाज स्थगित करून विधेयक परत पाठविणेच अशक्य केले असेल, तर मात्र ते कायदा होणार नाही.

अपवादामागचे भय उघड आहे. विधिमंडळाने अखेरच्या घटकेला वादग्रस्त विधेयक संमत करावे, राष्ट्राध्यक्षापुढे टाकावे आणि लगेच घरोघर निघून जावे, म्हणजे आक्षेप लिहूनही ते परत घ्यायला कोणी नाही आणि दहा दिवस उलटताच कायदा तयार, असा डाव खेळता येऊ नये. भय रास्त होते. उपाय मात्र दुसराही उपलब्ध होता. न्यूयॉर्क राज्याच्या 1777 च्या घटनेत कायद्यांची फेरतपासणी करणारे एक मंडळ होते, आणि त्यालाही दहाच दिवसांची मुदत होती. विधिमंडळ उठून गेल्यामुळे त्या मुदतीत विधेयक परत करणे अशक्य झाले, तर विधिमंडळ पुन्हा भरेल त्याच्या पहिल्याच दिवशी ते परत करावे, असे त्या घटनेने स्वच्छ लिहून ठेवले होते. फिलाडेल्फियातल्या मंडळींना ही तरतूद परिचित असली पाहिजे, कारण तिची शब्दयोजना त्यांच्या कलमात जवळजवळ उतरली आहे; फक्त शेवट बदलला. न्यूयॉर्कचे विधेयक वाट पाहत थांबे, फिलाडेल्फियाचे मरून जाई. सात दिवसांचे दहा दिवस करण्याची दुरुस्ती 1787 च्या ऑगस्टमध्ये झाली त्याची नोंद आहे. पण या शेवटाविषयी त्या परिषदेतल्या चर्चांतून काहीच प्रकाश पडत नाही, असे पुढे तेथील सर्वोच्च न्यायालयालाही नमूद करावे लागले. माझ्या मते न्यूयॉर्कचा मार्ग अधिक शहाणपणाचा होता, आणि पुढच्या दीडशे वर्षांतला बराचसा कलह त्या एका शेवटाच्या फरकातून निघाला.

जॉर्ज वॉशिंग्टनने 1792 साली पहिले विधेयक रीतसर आक्षेपांसह परत पाठविले. सही न करता विधेयक विरू देण्याचा पहिला प्रसंग त्यानंतर वीस वर्षांनी, 1812 साली, जेम्स मॅडिसनच्या कारकिर्दीत आला. विधेयक परकीयांना नागरिकत्व देण्यासंबंधीचे होते. मॅडिसन हा घटनेच्या प्रमुख शिल्पकारांपैकी एक. त्याने या अधिकाराचा उपयोग केला, म्हणून पुढच्यांना त्यात काही वावगे वाटले नाही.

त्याला राजकारणाची धार आली ती अँड्र्यू जॅक्सनच्या हाती. सार्वजनिक जमिनींच्या विक्रीचे उत्पन्न राज्यांना वाटून द्यावे, असे हेन्री क्ले याचे विधेयक होते. क्ले हा जॅक्सनचा कट्टर प्रतिस्पर्धी; नुकत्याच झालेल्या निवडणुकीत जॅक्सनने त्यालाच हरविले होते. 1833 च्या मार्चच्या आरंभी काँग्रेसची मुदत संपत असता हे विधेयक जॅक्सनपुढे आले, आणि इतर महत्त्वाच्या विधेयकांवर सही करणाऱ्या जॅक्सनने हे एवढे ठेवून घेतले. आम्हांला दोन तृतीयांश मते जमविण्याची संधीच नाकारली गेली, ही क्लेची ओरड म्हणजे कांगावा नव्हता. तक्रार खरीच होती. पण जॅक्सनने एक गोष्ट केली ती येथे सांगितलीच पाहिजे. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये नवी काँग्रेस भरली तेव्हा, कायद्याने तसे करण्याचे कोणतेही बंधन नसता, त्याने आपली कारणे सविस्तर लिहून सिनेटकडे धाडली. विधेयक त्या कारणांनी जिवंत होणार नव्हते. तरीही सत्ताधाऱ्याने आपल्या मौनाची कैफियत द्यावी, हा पायंडा त्यातून दृढ झाला, आणि या साऱ्या इतिहासात मला सर्वांत मोलाचा वाटतो तो हाच पायंडा.

त्याची खरी कसोटी लागली 4 जुलै 1864 रोजी. यादवी युद्धाचे ते चौथे वर्ष. बंडखोर दक्षिणेचे काही प्रदेश संघराज्याच्या सैन्याने परत मिळविले होते, आणि त्यांना पुन्हा राज्ये म्हणून कसे वसवावे यावर राष्ट्राध्यक्ष लिंकन आणि त्याच्याच पक्षातले जहाल सभासद यांच्यात तीव्र मतभेद होते. 1860 च्या मतदारांपैकी दहा टक्क्यांनी निष्ठेची शपथ घेतली तर त्यांना नवे राज्यशासन उभारू द्यावे, असे लिंकनने आदल्या डिसेंबरमध्ये जाहीर केले होते. ओहायोचा सिनेटर बेंजामिन वेड आणि मेरीलँडचा प्रतिनिधी हेन्री विंटर डेव्हिस यांना हे फार सौम्य वाटले. त्यांच्या विधेयकात गोऱ्या पुरुष नागरिकांपैकी बहुसंख्यांनी शपथ घेतल्यावाचून राज्याची पुनर्घटना होणार नव्हती. ज्यांनी बंडाला स्वेच्छेने कधीही साहाय्य केले नाही अशांनाच घटनापरिषदेसाठी मत देता येणार होते. आणि त्या राज्यांतली गुलामगिरी काँग्रेसच्या कायद्यानेच नष्ट व्हायची होती.

वॉशिंग्टनच्या संसदभवनात सिनेटच्या सभागृहालगत राष्ट्राध्यक्षासाठी राखून ठेवलेली एक खोली आहे. इटलीतून आलेल्या कॉन्स्तान्तिनो ब्रुमिदी या चित्रकाराने तिच्या भिंती आणि छत चित्रांनी मढविले आहे. अधिवेशन संपत आले की राष्ट्राध्यक्ष स्वतः येथे येऊन बसे, आणि लगबगीने आणून ठेवलेल्या विधेयकांवर एकामागून एक सह्या करी, अशी तेव्हाची चाल होती. त्या दिवशी लिंकन तेथे बसला होता. वेड आणि डेव्हिस यांचे विधेयक त्याच्यापुढे आले, आणि त्याने ते बाजूला सरकवून दुसरे कागद हाती घेतले. चार्ल्स सम्नरसारखे सभासद चिंतातुर होऊन भोवती घोटाळत होते. मिशिगनचा सिनेटर झकरायाह चँडलर याने शेवटी धीर करून थेट विचारले, आणि लिंकनने जे उत्तर दिले ते त्याचा तरुण सचिव जॉन हे याने त्याच दिवशी आपल्या रोजनिशीत उतरवून ठेवले. अधिवेशन उठायला काही मिनिटे उरली असता हे आपल्यापुढे आणले गेले आहे, आणि इतक्या महत्त्वाची गोष्ट अशी घाईने गळी उतरविता येत नाही, असा त्याचा आशय होता. गुलामगिरीचा मुद्दा चँडलरने पुढे करताच लिंकन म्हणाला, की राज्यांतली गुलामगिरी रद्द करण्याचा अधिकार काँग्रेसला आहे की नाही, याचीच आपल्याला शंका आहे. मग तुम्ही स्वतः जे केले ते यापेक्षा वेगळे काय, या प्रश्नावर त्याने सांगितले, की युद्धाच्या निकडीत लष्करी कारणासाठी आपण जे करू शकतो, ते काँग्रेसला घटनेप्रमाणे करता येईलच असे नाही.

दुपारी अधिवेशन संपले आणि विधेयक मेले. लिंकनला येथे थांबता आले असते. निवडणूक चार महिन्यांवर होती आणि आपल्याच पक्षाशी उघड भांडण ओढवून घेणे कोणत्याही राजकारणी माणसाला परवडणारे नव्हते. परंतु 8 जुलै रोजी त्याने एक जाहीरनामा काढला, विधेयकाचा संपूर्ण मसुदा त्याला जोडला, आणि सही का केली नाही ते देशाला सांगितले. पुनर्घटनेच्या कोणत्याही एकाच योजनेला कायमचे बांधून घेण्याची आपली तयारी नाही; आर्कान्सा आणि लुइझियाना येथे लोकांनी उभारलेली शासने मोडीत काढून त्यांचा हिरमोड करणे आपल्याला मान्य नाही; गुलामगिरी घटनादुरुस्तीने नष्ट व्हावी अशी आपली इच्छा आहे; आणि तरीही एखाद्या राज्याला या विधेयकातली पद्धत स्वखुशीने स्वीकारायची असेल तर आपण तिला साहाय्य करू. वेड आणि डेव्हिस संतापले. ऑगस्टच्या आरंभी ‘न्यूयॉर्क ट्रिब्यून’मध्ये त्यांनी प्रसिद्ध केलेल्या निवेदनात, राष्ट्राध्यक्षाने आपली पायरी ओळखून कायदे पाळावेत, ते करण्याचे काम काँग्रेसवर सोडावे, असे कडक शब्दांत सुनावले. या वादात कोणाची बाजू बरोबर होती, याचा निकाल इतिहासकार अजून देत आहेत. पण वाद होऊ शकला, लोकांना दोन्ही बाजूंचे कागद वाचून नोव्हेंबरात मत देता आले, हे केवळ त्या 8 जुलैच्या कागदामुळे.

त्यानंतरच्या दशकांत हा अधिकार नित्याच्या वहिवाटीचा झाला. युद्धात जखमी झालेल्यांच्या आणि कामी आलेल्यांच्या कुटुंबीयांच्या निवृत्तिवेतनाची वैयक्तिक विधेयके काँग्रेस ढिगांनी संमत करी, आणि ग्रोव्हर क्लीव्हलंड त्यांतली अनेक बारकाईने वाचून अडवी. त्याच्या दोन कारकिर्दींत मिळून 238 विधेयके सहीवाचून मेली. फ्रँकलिन रूझवेल्टने हा आकडा 263 वर नेला, पण त्यानेच अशा प्रत्येक विधेयकाबरोबर नापसंतीची कारणे लिहून प्रसिद्ध करण्याची शिस्तही लावली. आजवर अशा रीतीने संपलेल्या विधेयकांची संख्या हजाराहून अधिक आहे.

या हजारांपैकी एकाकडे मात्र थोडे थांबून पाहिले पाहिजे, कारण त्याच्यामागे माणसे आहेत. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व भागात, कोलंबिया नदीच्या खोऱ्यात ओकॅनोगन, मेथो, सॅनपोएल, नेस्पेलेम, कोलव्हिल आणि लेक या मूलनिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत आल्या होत्या. त्यांच्याशी तह न करताच 1872 साली सरकारी हुकमाने त्यांच्यासाठी कोलव्हिलची राखीव जमीन आखण्यात आली, आणि वीस वर्षांनी तिचाही उत्तरेकडचा अर्धा भाग काढून घेण्यात आला. जमिनी गेल्या, शिकारीचे आणि मासेमारीचे हक्क गेले. आणि त्यांची भरपाई मागायची तर सरकारविरुद्धचे दावे ऐकणाऱ्या न्यायालयाची दारे जमातींना बंद होती. काँग्रेसने त्या त्या जमातीसाठी स्वतंत्र कायदा करून परवानगी दिली, तरच दावा रुजू होऊ शके. असे परवानगीचे विधेयक या सहा जमातींना दीर्घ खटपटीनंतर 1926 साली मिळाले. दोन्ही सभागृहांनी ते संमत केले, आणि 24 जून रोजी, गुरुवारी, ते राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज यांच्यापुढे ठेवण्यात आले.

आता दिवस मोजावेत. 27 जून आणि 4 जुलै हे रविवार वगळले, तर दहावा दिवस 6 जुलैचा, मंगळवारचा. काँग्रेस उठली 3 जुलैला, शनिवारी. कूलिज यांनी सही केली नाही आणि विधेयक परतही धाडले नाही. काँग्रेसची दोन वर्षांची मुदत अद्याप संपली नव्हती. पहिले अधिवेशन तेवढे संपले होते, आणि सिनेट तर एका न्यायाधीशावरील महाभियोग ऐकण्यासाठी नोव्हेंबरात पुन्हा भरणार होते. तेव्हा हे अखेरचे विसर्जन नव्हे, विधेयक सिनेटच्या सचिवाकडे परत देता आले असते, आणि तसे न दिल्यामुळे 6 जुलै संपताच तो कायदा झाला, असे म्हणून जमातींनी दावा दाखल केला. तो फेटाळला गेल्यावर प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आले. प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीच्या वतीने टेक्सासचे प्रतिनिधी हॅटन समनर्स यांनीही जमातींना अनुकूल असा युक्तिवाद केला, कारण प्रश्न आता सहा जमातींचा उरला नव्हता. विधिमंडळाच्या अधिकाराचा झाला होता.

27 मे 1929 रोजी न्यायमूर्ती एडवर्ड सॅनफोर्ड यांनी एकमताचा निकाल वाचला आणि जमाती हरल्या. दहा दिवस म्हणजे पंचांगातले दिवस, सभागृह बसल्याचे दिवस नव्हेत. विधेयक सभागृहालाच परत करावे लागते, आणि सभागृह बसलेले नसेल तर त्याच्या कारकुनाच्या वा सचिवाच्या हाती ते देणे म्हणजे परत करणे नव्हे. अधिवेशनाच्या शेवटीचे स्थगनही परत पाठविण्यात अडथळाच आणते. आणि मॅडिसनपासून चालत आलेली दीर्घ वहिवाट याच अर्थाला पुष्टी देते. राष्ट्राध्यक्षाने मुदतीत काही केले नाही याचा दोष त्याच्यावर लादता येणार नाही, कारण मुदत अर्धवट तोडली ती काँग्रेसनेच, असेही न्यायालयाने सुचविले. कायद्याच्या काटेकोर वाचनाने हा निकाल बहुधा बरोबर असेल. पण त्यात जी गोष्ट बोलली गेली नाही ती अशी, की मुदत तोडली काँग्रेसने, सही टाळली राष्ट्राध्यक्षाने, आणि भोगले ते या दोहोंपैकी कशावरही ताबा नसलेल्या लोकांनी. ज्या कूलिज यांनी दोनच वर्षांपूर्वी मूलनिवासींना देशाचे नागरिकत्व देणाऱ्या कायद्यावर सही केली होती, त्यांनीच हा कागद तसाच ठेवला. जमातींच्या दाव्यांसाठी सर्वसाधारण आयोग निघाला तो 1946 साली, म्हणजे आणखी वीस वर्षांनी.

सॅनफोर्ड यांच्या निकालाला पुढे हळूहळू बांध पडले. 1938 च्या एका प्रकरणात, सिनेट अवघे तीन दिवस उठले असता त्याच्या सचिवाकडे परत दिलेले विधेयक रीतसर परत केलेलेच आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने ठरविले. मोठा आघात निक्सन यांच्या काळात झाला. कुटुंबवैद्य तयार करणाऱ्या रुग्णालयांना आणि वैद्यकीय शाळांना 22.5 कोटी डॉलरचे साहाय्य देणारे विधेयक सिनेटने 64 विरुद्ध 1 आणि प्रतिनिधिगृहाने 346 विरुद्ध 2 अशा मतांनी संमत केले होते. म्हणजे आक्षेपांसह ते परत आले असते तर दुसऱ्यांदा संमत होण्यात शंका नव्हती. 14 डिसेंबर 1970 रोजी ते निक्सन यांच्यापुढे आले, 22 तारखेला काँग्रेस नाताळच्या सुट्टीसाठी काही दिवस उठली, आणि 24 तारखेला निक्सन यांनी आपण सही करणार नसल्याचे जाहीर केले. सुट्टीच्या काळात निरोप स्वीकारण्याचा अधिकार सिनेटने आपल्या सचिवाला दिलेला होता. सिनेटर एडवर्ड केनेडी यांनी दावा लावला आणि अपील न्यायालयापुढे वकील न देता स्वतःच बाजू मांडली. 1974 च्या ऑगस्टमध्ये, निक्सन पायउतार झाल्यावर काही दिवसांतच, निकाल लागला की ते विधेयक 25 डिसेंबर 1970 रोजीच कायदा झाले होते. अधिवेशनामधल्या छोट्या सुट्ट्यांचा आडोसा तेव्हापासून जवळजवळ संपला. दोन अधिवेशनांमधल्या काळाचा प्रश्न मात्र रेगन यांच्या वेळी, एल साल्वादोरला द्यावयाच्या मदतीवर मानवी हक्कांची अट घालणाऱ्या विधेयकावरून पुन्हा उठला, आणि 1987 साली सर्वोच्च न्यायालयाने, त्या कायद्याची मुदतच आता उलटून गेली आहे, या कारणावरून त्याचा निकाल न देता तो तसाच सोडला. तो अद्याप तसाच आहे.

आपल्या देशात या प्रश्नाने जे रूप घेतले ते अमेरिकेहून वेगळे आहे, आणि त्याचे मूळ घटनासमितीतल्या एका छोट्या दुरुस्तीत आहे. आज जे कलम 111 आहे, ते मसुद्यात कलम 91 होते. संसदेने संमत केलेले विधेयक राष्ट्रपतीला फेरविचारासाठी परत पाठवायचे झाले, तर ते सहा आठवड्यांच्या आत पाठवावे, असे मूळ मसुद्यात होते. 1949 च्या मे महिन्यात या कलमावर चर्चा झाली तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती मुदत काढून त्याऐवजी ‘शक्य तितक्या लवकर’ अशी शब्दयोजना करण्याची दुरुस्ती मांडली. हरि विष्णु कामत यांनी तिला विरोध केला. एवढी संदिग्ध भाषा घटनेत शोभत नाही, निश्चित मुदत असलीच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. दुरुस्ती संमत झाली. बाबासाहेबांचा हेतू विलंबाला वाव देण्याचा नसणार, हे त्या शब्दांवरूनच दिसते; सहा आठवडे म्हटले की सहा आठवड्यांपर्यंत स्वस्थ बसण्याची मुभाच मिळते, आणि ‘शक्य तितक्या लवकर’ यात तशी मुभा नाही. परंतु सद्‌हेतूने लिहिलेल्या शब्दांचा अंमल पुढे ज्यांच्या हाती जातो, त्यांच्याविषयी कामतांना वाटलेली धास्तीही निराधार ठरली नाही.

मुदत नसल्याचा परिणाम असा, की आपल्याकडे राष्ट्रपतींच्या मौनाने विधेयक कायदा होत नाही आणि मरतही नाही. विधिमंडळ विसर्जित झाले तरी संमतीसाठी थांबलेले विधेयक त्याबरोबर रद्द होत नाही, हे केरळच्या जमीनसुधारणा विधेयकासंबंधीच्या 1961 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले. अमेरिकेतला कागद दहा दिवसांत इकडे किंवा तिकडे होतो. इथला कागद एका राष्ट्रपतीच्या कारकिर्दीतून दुसऱ्याच्या कारकिर्दीत वारशाने जाऊ शकतो.

आणि तसा तो गेलाही. 1986 च्या अखेरीस संसदेने भारतीय टपाल कार्यालय सुधारणा विधेयक संमत केले. 1898 च्या मूळ कायद्याच्या 26 व्या कलमाने, सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असता किंवा सार्वजनिक सुरक्षितता आणि शांतता यांच्या हितासाठी, टपाल अडविण्याचा अधिकार सरकारला दिलेला होताच. नव्या विधेयकाने त्याची कारणे विस्तारली, आणि एरवीच्या शांत काळातही नागरिकांची पत्रे उघडण्याचा परवाना सरकारच्या अधिकाऱ्यांना मिळेल, अशी टीका वृत्तपत्रांतून आणि विरोधी पक्षांतून झाली. पोस्टमनवर या देशाने टाकलेला विश्वास मोठा होता. खेड्यातल्या म्हातारीला मुंबईच्या गिरणीत कामाला गेलेल्या मुलाचे पत्र जो वाचून दाखवी, त्याच्या हातून आलेले पाकीट वाटेत कोणी फोडले असेल, ही कल्पनाच लोकांना सहन होणारी नव्हती.

राष्ट्रपती होते ग्यानी झैलसिंग. पंतप्रधान राजीव गांधी यांच्याशी त्यांचे संबंध तोवर विकोपाला गेले होते. राज्यकारभाराची माहिती आपल्याला दिली जात नाही, ही त्यांची तक्रार सर्वश्रुत होती. त्यांनी विधेयकावर सही केली नाही. संमती नाकारल्याचे जाहीरही केले नाही, आणि संदेशासह संसदेकडे परतही धाडले नाही. 25 जुलै 1987 रोजी त्यांची मुदत संपली तेव्हा ते विधेयक जेथे होते तेथेच होते. त्यांच्या या कृतीचे, किंवा अकृतीचे, त्या वेळी अनेकांनी कौतुक केले, आणि परिणाम पाहता ते कौतुक मला समजते. नागरिकांचा पत्रव्यवहार सुरक्षित राहिला. पण त्यांनी विधेयक आक्षेपांसह परत पाठविले असते, तर संसदेला ते वाचावे लागले असते, आणि पत्राच्या गुप्ततेविषयी देशाच्या प्रथम नागरिकाला काय वाटते हे कायमचे अभिलेखात राहिले असते. संसदेने ते बहुमताने पुन्हा संमत केले असते आणि मग सही करावीच लागली असती, हे खरे. राजीव गांधींचे बहुमत प्रचंड होते. झैलसिंग यांनी हा हिशेब केला असावा आणि त्यांना नागरिकांचा बचाव अधिक महत्त्वाचा वाटला असावा. तरीही लिंकनच्या 8 जुलैच्या कागदासारखे काही आपल्या दफ्तरात नाही, याची खंत वाटते.

पुढचे राष्ट्रपती आर. वेंकटरामन यांनी सरकार बदलल्यावर, 1990 च्या जानेवारीत, ते विधेयक फेरविचारासाठी संसदेकडे परत पाठविले. फेरविचार झाला नाही. 2002 साली ते मागे घेण्यात आले.

मुदतीचा प्रश्न त्यानंतर राज्यपालांच्या निमित्ताने पुन्हा उभा राहिला, कारण विधेयके वर्षानुवर्षे अडकून पडण्याचे प्रकार राजभवनांतच अधिक घडत होते. तामिळनाडूच्या प्रकरणात 2025 च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांनी राज्यपाल आणि राष्ट्रपती या दोघांसाठीही महिन्यांच्या मुदती आखून दिल्या, आणि अडकलेली विधेयके संमत झालीच आहेत असे मानले. त्यावर राष्ट्रपतींनी न्यायालयाचा सल्ला मागितला. अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश असता त्यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच जणांच्या पीठाने नोव्हेंबरात मत दिले, की घटनेने जी मुदत घातलेली नाही ती न्यायालयाला घालता येणार नाही, आणि मौनाला संमती मानण्याची कल्पनाही घटनेत नाही. दीर्घ आणि निष्कारण निष्क्रियता असेल, तर निर्णय घ्या एवढे सांगण्यापुरता न्यायालयाला मर्यादित अधिकार आहे. म्हणजे 1949 साली कामतांनी मागितलेली मुदत हवी असेल, तर ती घटनादुरुस्ती करून संसदेलाच घालावी लागेल. टपालाचा जुना 1898 चा कायदा दरम्यान इतिहासजमा झाला. त्याच्या जागी आलेल्या 2023 च्या कायद्यात टपाल अडविण्याचे नववे कलम आहे, आणि संसदेने तो संमत केला त्याच महिन्यात त्यावर राष्ट्रपतींची सही झाली.